मेश्राम साहेबांची झांज

मेश्राम साहेबांनी कधी कोणाला 'काय म्हटलं?' असं विचारलं नाही. निदान मी त्यांना ओळखत होते तेवढी वर्षं तरी नाही. कारखान्यात ही त्यांची ख्यातीच होती. "साहेबाले एकदाच सांगा लागते," असं ठवकर फोरमन नव्या माणसाला मोठ्या अभिमानाने सांगायचा. आपण काही सांगायला गेलो की साहेब मान जराशी तिरपी करायचे, नजर आपल्या ओठांवर ठेवायचे आणि म्हणायचे, "हाव हाव, बरोबर." नंतर ते काम झालेलं असायचं, किंवा नसायचं. नसलं तर आपणच नीट सांगितलं नसेल असं वाटायचं, इतका त्या 'हाव हाव'मध्ये भरवसा होता. आज ते सगळं आठवलं की माझी मान खाली जाते. ती साहेबांसाठी जाते की आमच्या अख्ख्या बससाठी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आमचा कारखाना कागदाचा, उमरेड रोडवर. साहेब मशीन हॉलचे इनचार्ज आणि मी प्रयोगशाळेत. कागदात ओलावा किती, तो ओढल्यावर कधी फाटतो, हे पाहायचं माझं काम. सकाळी कंपनीची बस बर्डीहून निघायची, मानेवाड्याला साहेबांना घ्यायची, दिघोरीला मला, आणि मग उमरेड रोडला लागायची. मी चढायचे तेव्हा साहेब खिडकीशी बसलेले असायचे. उंच, किडकिडे, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, बारीक कापलेले केस तेल लावून चापून बसवलेले आणि त्या केसांवर टोपीसारखा चढवलेला मोठा काळा हेडफोन. डोळे मिटलेले. साहेबांचे वडील भीमगीतांचे नावाजलेले गायक होते. चौदा एप्रिलला त्यांचा कार्यक्रम असला की आजूबाजूच्या वस्त्यांतून माणसं यायची, असं जुने लोक सांगतात. त्यामुळे साहेब वडिलांचीच गाणी ऐकत असणार, असं बसने परस्पर ठरवून टाकलं होतं. त्यांच्या पुढच्या बाकावरच्या बायका तर त्यांची समाधी मोडू नये म्हणून सासवांबद्दलसुद्धा हळू बोलायच्या.

ती समाधी एका सकाळी मोडली. गतिरोधकावर बस उडाली, हेडफोनची वायर फोनमधून निसटली आणि बसमध्ये जे काही सुरू झालं त्याचं वर्णन कलीमभाईंनीच उत्तम केलं. कलीमभाई म्हणजे आमचे ड्रायव्हर. त्यांनी करकचून ब्रेक मारला, बस कडेला घेतली, "गया, इंजिन गया," असं म्हणत खाली उतरले आणि थेट बॉनेट उघडलं. इंजिन बंद, तरी आवाज चालूच. दहा करवती, एक रोडरोलर आणि त्या सगळ्यांवर खेकसणारा एक माणूस. साहेब लालबुंद होऊन फोनची बटणं दाबत होते आणि घाईघाईत आवाज आणखी वाढवत होते.

शेवटी तो बंद झाला. ठवकरने मागे वळून विचारलं, "साहेब, हे काय हाये?"

"संगीत आहे," साहेब म्हणाले.

"मंग तो माणूस कोणाले मारून राहिला?"

बस हसहसून लोळली. साहेबही हसले, पण त्यांच्या कानाच्या पाळ्यांपर्यंत लाली चढलेली मी पाहिली. दुसऱ्या दिवशी ते शेवटच्या बाकावर जाऊन बसले. तिथेच एक जागा रिकामी होती म्हणून मी शेजारी बसले आणि बाईमाणसाला शोभत नाही इतक्या सरळपणे विचारलं, "साहेब, तुम्ही हे रोज ऐकता?"

"रोज," ते म्हणाले. "लाज वाटते मॅडम. बाप एवढा गाणारा. त्याचा शब्द न् शब्द लोकायले पाठ. अन् मी हे ऐकतो, ज्याच्यातला एक शब्द मलेच समजत नाही."

"मग काहून ऐकता?"

त्यांनी खिडकीबाहेर पाहत सांगितलं. नोकरीच्या पहिल्या दिवशी ते मशीन हॉलमध्ये उभे राहिले तेव्हा त्यांना तिथून पळून जावंसं वाटलं होतं. "एवढं मोठं मशीन, अन् बेताल ओरडून राहिलं. वाटे, आपण इथं पागल होऊन जाऊ. मंग एका दोस्तानं हे ऐकवलं, इंग्रजी मेटल म्हणते याले. तेवढंच ओरडते, पण तालात. दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये गेलो त मशीनचाही ताल सापडला ना! तवापासून भेव नाही." त्यानंतरची सगळी वर्षं त्यांनी त्या हॉलमध्ये काढली. कारखाना कान झाकायला कानपट्टे द्यायचा, ते साहेबांच्या टेबलावर नव्यासारखे पडलेले असायचे. "कान झाकले त मशीन काय म्हणते ते कसं कळन?" असं ते म्हणायचे आणि आम्हाला ते फार थोर वाटायचं.

गुपित फुटल्यावर साहेबांचं एक नवंच दुकान सुरू झालं. कोणाला हेडफोन घ्यायचा असला की तो साहेबांना विचारल्याशिवाय घ्यायचा नाही, असा बसचा शिरस्ता पडला. मला तर बसमधल्या सासू-पुराणापासून कान वाचवायचे होते. एका रविवारी साहेब मला बर्डीच्या दुकानात घेऊन गेले. सोबत सुलभावहिनी होत्या, साहेबांच्या पत्नी. ठेंगण्या, हसऱ्या आणि बोलणं इतकं हळू की शेजारी उभं राहून ऐकावं लागे. त्या एका शाळेत बालवाडी शिकवायच्या. एवढ्या बारीक आवाजात चिल्लीपिल्ली त्यांचं ऐकायची तरी कशी, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता.

दुकानदाराने आधी एक हेडफोन माझ्या कानावर चढवला आणि धमधम लावली. मी खूश झाले. साहेबांनी तो काढून घेतला. "या धमधमीले भुलू नका मॅडम. लग्नातला डीजे कानाले बांधून घरी न्यायचा आहे का?" मग त्यांनी स्वतःचा फोन जोडला, डोळे मिटले आणि एकामागून एक हेडफोन लावत राहिले. गाणं मात्र एकच. डब्याकडे पाहायचं नाही, कंपनीचं नाव वाचायचं नाही. "पहिले ढोल," ते म्हणाले. "हे दोन पायानं वाजवते, घोडं पळाल्यावाणी. एक एक टाप मोकळी पाहिजे. गिचका झाला की ठेवून द्या. मंग गिटार. करवत चालली पाहिजे, पण लाकडावर, आपल्या कानावर नाही. अन् सगळ्यात शेवटी झांज."

"यात झांज पण असते?"

"अवं मॅडम, तेच त आहे! एवढ्या कल्लोळात मागं एक झांज वाजत राहते. कोणाचं ध्यान नसते तिच्याकडे. ते ऐकू आली पाहिजे. झांज मेली त हेडफोन मेला." मग ते जरा थांबले. "दीक्षाभूमीवर अशोक विजयादशमीले पाय ठेवायले जागा नसते ना? बाहेरच्याले वाटते गर्दी आहे. पण तिथं एक एक जण आपल्या गावाहून, आपलं लेकरू खांद्यावर घेऊन आलेला राहते. खराब हेडफोन गर्दी ऐकवते. चांगला हेडफोन माणसं ऐकवते."

मी तो हेडफोन घेतला. त्यात खरंच झांज होती. पुढे मला त्या आरडाओरड्याचीच गोडी लागली आणि घरी मी इंग्रजी सुधारतेय असं सांगून वेळ मारून नेली. पण त्या दिवशीची एक गोष्ट मी तिथेच सोडून आले, ती नंतर उचलावी लागली. हेडफोन माझ्या डोक्यावर असताना वहिनी हळूच म्हणाल्या होत्या, "अहो, त्यायले घट्ट होऊन राहिला तो." साहेब गाणं निवडत होते. ते म्हणाले, "हाव हाव, बरोबर," आणि निवडत राहिले. वहिनी माझ्याकडे पाहून हसल्या. "माझं सोडून सगळ्या दुनियेचं ऐकू येते यायले." दुकानदारही हसला, मीही हसले. नवऱ्याबद्दल सगळ्याच बायका हे म्हणतात.

काही वर्षांनी माझा तो हेडफोन तुटला. साहेबांनी दुसरा निवडून दिला, तसाच डोळे मिटून, तसाच मायेने. घरी येऊन लावला तर कानात दाभण घातल्यासारखं झालं. झांज होती, झांजच होती, बाकी काही राहिलंच नव्हतं. मला वाटलं, माझ्याच कानाला सवय नाही. मग हळूहळू कळलं की त्या सुमारास साहेबांनी ज्याला ज्याला हेडफोन निवडून दिला त्या प्रत्येकाचं हेच झालं होतं. ठवकरने आत कापूस भरला होता. हिशेब खात्यातल्या एकाने तो साळ्याला देऊन टाकला होता आणि साळा बोलेनासा झाला होता. पण साहेबांनी सकाळी बसमध्ये विचारलं, "कसा आहे गा?" की सगळे एका सुरात म्हणायचे, "एक नंबर साहेब!" एवढ्या आपुलकीने स्वतःचा रविवार घालवून दिलेली वस्तू. वाईट आहे असं तोंडावर कसं सांगायचं? आम्ही त्याला मान राखणं म्हणायचो. आणि साहेब तक्रार करायचे, "आजकाल कंपन्या झांज मारून टाकून राहिल्या. पहिल्यासारखा माल नाही राहिला." ते दरवेळी आणखी टोकदार हेडफोन शोधायचे आणि आम्ही दरवेळी आणखी कापूस भरायचो.

झांज कोण मारून राहिलं होतं, हे ज्या दिवशी मला कळलं तो दिवस मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. दरवर्षी कारखान्यात कान तपासणारी गाडी यायची. गाडीत काचेची एक खोली. आत बसायचं, कानाला हेडफोन लावायचा, हातात बटण धरायचं आणि बारीकसा टूं ऐकू आला की दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी मुलगी बसलेली. दरवर्षी साहेब पाच मिनिटांत बाहेर यायचे आणि रांगेला सांगायचे, "फर्स्ट क्लास!" एके वर्षी रांगेत त्यांच्यामागे मी होते. दार अर्धवट उघडं होतं. मला दिसलं की साहेबांचे डोळे मिटलेले नाहीत. बर्डीच्या दुकानात मिटायचे तसे नाहीत. ते त्या मुलीच्या खांद्याकडे टक लावून पाहत होते. तिचा हात खटक्याकडे गेला की खांदा किंचित हलायचा आणि खांदा हलला की साहेब बटण दाबायचे.

मी नजर वळवली. परीक्षेत शेजारच्याची कॉपी दिसली तर आपणच चोर असल्यासारखं होतं, तसं झालं. कोणाला बोलले नाही.

पुढच्या वर्षी गाडी नवीन आली. तपासणारी पडद्यामागे बसलेली. साहेब आत गेले, त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, खांदा कुठेच दिसेना. मग त्यांनी मान खाली घातली आणि बटण दाबायला सुरुवात केली. एकदा, मग थांबून दोनदा, मग पुन्हा एकदा. तालात. थोड्या वेळाने पडद्यामागून ती मुलगी बाहेर आली आणि म्हणाली, "सर, मी अजून सुरूच नाही केलं."

रांगेत आम्ही सगळे उभे. साहेबांनी हेडफोन काढला, उठून उभे राहिले, खिशातली पेनं नीट केली. म्हणाले, "हाव हाव. मी प्रॅक्टिस करून राहिलो होतो."

कोणीतरी फिसकन हसलं. ठवकरने त्याच्या पाठीत गुद्दा घातला. साहेब आमच्याकडे न पाहता मशीन हॉलकडे चालायला लागले, नेहमीपेक्षा जोरात. त्यांना फेरतपासणीला बोलावलं होतं, ते गेले नाहीत. निवृत्तीला थोडे दिवस राहिले होते आणि कारखान्याच्या डॉक्टरनेही फार ताणलं नाही. आता सगळ्या बसला ठाऊक झालं होतं की साहेबांना ऐकू येत नाही. आणि ठाऊक झाल्यावर आम्ही काय केलं, तर आणखी मोठ्याने "एक नंबर साहेब" म्हणायला लागलो. त्यांना कळू नये याची आम्ही इतकी काळजी घेतली. आम्हाला कळलंय हे त्यांनाही कळत होतं, तेही काळजी घेत होते. अशी सगळी सभ्य माणसं एका बसमध्ये बसून रोज उमरेड रोडने जात होती.

अशाच एका सकाळी बसने दिघोरी सोडली होती. साहेबांचा फोन वाजला. अलीकडे ते फोन स्पीकरवर टाकून तोंडासमोर आरशासारखा धरायचे, आवाज पूर्ण मोठा करून. वहिनींचा एरवी शेजारी ऐकू न येणारा आवाज त्या दिवशी बसच्या टोकापर्यंत पोचला.

"अहो... आई गेली हो. आताच दादाचा फोन आला उमरेडहून."

साहेबांनी मान तिरपी केली. फोनला ओठ नसतात. "हाव हाव," ते म्हणाले. "छान झालं."

मग वहिनी म्हणाल्या, "अहो, आई गेली म्हणून राहिली मी."

"हाव, बरोबर. संध्याकाळी बोलू." त्यांनी फोन ठेवला, हेडफोन चढवला आणि डोळे मिटले.

कलीमभाई आरशातून मागे पाहत होते आणि बस आपोआप हळू झाली होती. ठवकर माझ्याकडे वळला. "तुम्ही सांगा मॅडम." मी म्हटलं, "तुम्ही सांगा, तुम्ही जुने." तो म्हणाला, "माह्याच्यानं नाही होत." आम्ही कुजबुजत भांडलो. कुजबुजायची खरं तर काहीच गरज नव्हती. बस पुढे पुढे चालली होती आणि तिकडे मानेवाड्याला ती बाई फोन हातात धरून बसली असेल, हे आम्हा प्रत्येकाला दिसत होतं. तरी प्रत्येकाला वाटत होतं, दुसऱ्या कोणीतरी सांगावं. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय, ते मला त्या वेळी समजलं.

शेवटी मी माझ्या फोनवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'साहेब, वहिनींच्या आई गेल्या', आणि त्यांच्या खांद्याला हात लावून फोन समोर धरला. त्यांनी वाचलं. हेडफोन काढला. पुन्हा वाचलं. मग ते माझ्याकडे नाही, बसकडे पाहायला लागले. पुढच्या बाकापासून मागच्या बाकापर्यंत, एकेका तोंडाकडे.

"सगळ्यायनं ऐकलं?" त्यांनी विचारलं.

कोणी उत्तर दिलं नाही. तेवढं त्यांना बरोबर ऐकू आलं.

"मी काय म्हटलं तिले?"

"काही नाही साहेब," ठवकर म्हणाला. "काहीच नाही म्हटलं तुम्ही."

साहेब माझ्या ओठांकडे पाहायला लागले. मी मान राखून राखून थकले होते. मी म्हटलं, "छान झालं, असं म्हणालात."

त्यांनी मान हलवली. हाव हाव म्हणाले नाहीत. उठून पुढे गेले आणि कलीमभाईंच्या खांद्यावर थाप मारली. कलीमभाई म्हणाले, "साहब, मैं गाडी घुमाता हूँ, घर छोड़ देता हूँ." पण साहेब खाली उतरलेसुद्धा. रस्ता ओलांडून पलीकडे उन्हात उभे राहिले, नागपूरकडे जाणाऱ्या एसटीची वाट बघत, आमच्याकडे पाठ करून. ती पाठ मला चेहऱ्यापेक्षा जास्त लक्षात आहे. त्यांचा हल्लीचा बिनवायरचा हेडफोन बाकावरच राहिला होता, आणि बस निघेपर्यंत त्यात ते चालूच होतं.

आम्ही काही जण भेटायला मानेवाड्याला गेलो तेव्हा तो हेडफोन मी सोबत नेला. साहेब आतल्या खोलीत होते, बाहेर आले नाहीत. वहिनींनी आम्हाला चहा दिला. मग माझ्याजवळ बसून त्यांच्या त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही त्यायले सांगितलं ना, त्याच्या पहिले मले वाटे, यायचं मनच उडालं माह्यावरून. किती वर्षं झाले. मी काही बोलू, हाव हाव. भाजीत काय टाकू, हाव हाव. माह्या छातीत दुखून राहिलं, हाव हाव. मी मंग बोलणंच कमी केलं." त्यांनी हेडफोनवरची धूळ पदराने पुसली. "रामदासपेठेतल्या डॉक्टरकडे नेलं. दोन मशिनी देल्या कानात घालायच्या, एवढ्याशा. कपाटात ठेवल्या. म्हणते, लोक पाहतीन. अवं, डोळ्याले चष्मा लावायची लाज नाही, हा एवढा मोठा ढोल डोक्यावर घालून गावभर फिरायची लाज नाही, अन् एवढ्याशा मशिनीची काहून लाज?"

बाहेरच्या खोलीत आम्ही चौघं-पाच जण होतो. त्यातल्या एकानेही त्यांना इतक्या वर्षांत एवढंसुद्धा म्हटलं नव्हतं, की साहेब, झांज टोचते.

नंतर साहेब निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमाला आले नाहीत. तब्येतीचं कारण कळवलं. मग अधूनमधून ठवकरकडून बातमी यायची. एकदा तो बसमध्ये चढता चढताच ओरडला, "साहेबानं केस वाढवले! खांद्यापर्यंत! आता खरे बँडवाले दिसते." बसला पुन्हा एकदा हसायला मिळालं. जन्मभर चापून तेल लावणारा माणूस म्हातारपणी केस सोडून फिरतो म्हणजे मजाच. मीही हसले. बरंही वाटलं, की साहेबांनी आता बापाची लाज सोडली, उघडउघड आपल्या गाण्याचे झाले.

मागच्या महिन्यात मी बर्डीच्या त्याच दुकानात गेले होते. मला एक मऊ हेडफोन हवा होता, कापसाशिवाय लावता येईल असा. मोबाइलच्या कव्हरांच्या उंच रॅकमागे मी एक खोका हातात घेऊन वाचत होते, साहेबांनी कधी वाचू दिला नसता तसा. तेवढ्यात पलीकडून ओळखीचा आवाज आला, "पहिले ढोल."

खांद्यापर्यंत पांढरे केस, पांढरा हाफ शर्ट, दोन पेनं. शेजारी वहिनी. मी पुढे होणार होते, पण हातात तो खोका होता, आणि पाऊल उचललं गेलं नाही. साहेबांनी दुकानदाराकडून एक हेडफोन घेतला, डोळे मिटले आणि केसांवरूनच कानावर चढवला. त्याबरोबर दुकानात एक बारीक शिट्टी सुरू झाली. चहाचं पाणी उकळायच्या आधी भांडं करतं तशी, पण थांबेचना. गिऱ्हाइकं इकडेतिकडे पाहायला लागली. दुकानदाराने स्पीकर तपासला, मग दुसरा तपासला. मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू साहेबांच्या डोक्याकडे वळल्या. साहेब डोळे मिटून, बोटाने ताल धरून उभे होते. त्या दुकानात ती शिट्टी ऐकू न येणारे ते एकटेच होते.

केस कशासाठी वाढवले ते मला तेव्हा कळलं. मशिनी कपाटातून निघाल्या होत्या, पण केसांखाली लपून. वर हेडफोन दाबला की त्या ओरडत होत्या. आणि दुकानातले सगळे आमच्या बससारखेच गप्प होते. कोणी तोंड फिरवलं, कोणी फोनमध्ये पाहिलं. मी रॅकमागे.

वहिनींनी साहेबांच्या दंडाला हात लावला. साहेबांनी डोळे उघडले, हेडफोन गळ्यात घेतला, तशी शिट्टी थांबली. त्यांनी पाहिलं की सगळे आपल्याकडे पाहतायत. कानाच्या पाळ्यांपर्यंत तीच जुनी लाली चढली. वहिनी काहीतरी म्हणाल्या, नेहमीच्या आवाजात. मला ऐकू आलं नाही. साहेबांची मान तिरपी झाली, नजर ओठांवर गेली, आणि माझ्या मनाने त्यांच्या वतीने म्हणूनसुद्धा टाकलं, हाव हाव, बरोबर.

साहेबांनी कानावरचे केस मागे सारले. पाळीमागचं ते बिस्किटी रंगाचं यंत्र भर दुकानात, भर उजेडात दिसलं. ते वहिनींच्या तोंडापाशी वाकले आणि बहिरी माणसं बोलतात तसं, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, "काय म्हटलं?"

वहिनी जरा दचकल्या. मग त्यांच्या कानाशी बोलल्या. साहेबांनी दुकानदाराला सांगितलं, "माह्या कानातली मशीन वाजून राहिली म्हणते. तुमचा माल बरोबर आहे." मग त्यांनी गळ्यातला हेडफोन काढला आणि वहिनींच्या अंबाड्याला धक्का लागणार नाही असा जपून त्यांच्या डोक्यावर ठेवला. "मले आता झांज नाही समजत. तू ऐक. सगळ्यात मागं वाजते, पाह्य बरं."

गाणं सुरू झालं तशा वहिनींनी डोळे गच्च मिटून घेतले. कडू औषध प्यावं तसं तोंड केलं. पण हेडफोन काढला नाही. बराच वेळ ऐकत राहिल्या. मग डोळे न उघडताच हळू आवाजात काहीतरी म्हणाल्या.

साहेब आणखी वाकले. "काय म्हटलं? पुन्हा सांग."

वहिनींनी पुन्हा सांगितलं.